चारचौघे म्हणजे कोण? समाजशास्त्राच्या कांहीं मूलकल्पना

लग्नाच्या वयाचा मुलगा किंवा मुलगी घरांत असली, म्हणजे शहरांतल्या सुशिक्षित कुटुंबांत एक वाक्य हटकून ऐकूं येतें: "आमचें कांहीं म्हणणें नाहीं, मुलांची पसंती तीच आमची पसंती." हें वाक्य खोटें असतें असें नाहीं. बोलणाऱ्याचा हेतु बहुधा प्रामाणिकच असतो. परंतु ज्या यादींतून ही पसंती व्हावयाची, ती यादी कोणी केलेली असते? वधूवरसूचक मंडळाची वही असो, वर्तमानपत्रांतली जाहिरात असो, अथवा आजच्या संगणकावरचें विवाहाचें संकेतस्थळ असो. जाति, पोटजाति, शिक्षण, प्राप्ति, उंची, वर्ण ह्यांचे रकाने तेथें आधींच आंखलेले असतात. निवड व्यक्तीची, पण रकाने तिनें आंखलेले नाहींत. मग ते कोणी आंखले? घरांतल्या वडीलधाऱ्यांना विचारावें, तर तेही म्हणतात, "आम्हांला स्वतःला तसें कांहीं वाटत नाहीं हो, पण चारचौघांत राहावयाचें आहे."

हे चारचौघे कोण? प्रश्न वरवर गमतीचा दिसतो. पण एका संपूर्ण शास्त्राचा उद्योग ह्याच प्रश्नाभोंवतीं चालला आहे. त्या शास्त्राचें नांव समाजशास्त्र.

समाजाविषयीं विचार करणें ही कांहीं नवी गोष्ट नव्हे. आपल्याकडे स्मृतिकारांनीं तो केला, ग्रीसमध्यें ॲरिस्टॉटलनें केला. परंतु समाज कसा असावा हें सांगणें निराळें, आणि तो प्रत्यक्ष कसा आहे हें निरीक्षणानें शोधून काढणें निराळें. हें दुसरें काम शास्त्र म्हणून उभें राहिलें तें एकोणिसाव्या शतकांतल्या युरोपांत. आणि त्याला कारणेंही तशींच घडलीं होतीं. फ्रान्सच्या राज्यक्रांतीनें राजा व धर्मपीठ ह्यांचा जुना अधिकार उलथून टाकला होता. कारखान्यांनीं खेड्यांतलीं माणसें उचलून अनोळखी शहरांत आणून टाकलीं होतीं. इतकीं बंधनें तुटलीं, तरी समाज अगदींच विस्कटून गेला नाहीं. मग तो कशानें एकत्र राहतो? हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकीं ऑगस्त कोंत ह्या फ्रेंच तत्त्वज्ञानें १८३९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या चौथ्या खंडांत 'सोसिऑलॉजी' हा शब्द योजला. अर्धा लॅटिन आणि अर्धा ग्रीक असा हा जोडशब्द पाहून भाषापंडितांनीं नाकें मुरडलीं. पण शब्द टिकला. मुंबई विद्यापीठांत ह्या विषयाचा स्वतंत्र विभाग १९१९ सालीं निघाला. नगररचनेचे पंडित पॅट्रिक गेडिस हे त्याचे पहिले प्रमुख. आणि १९२४ पासून ती धुरा डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये ह्यांनीं दीर्घकाळ वाहिली.

कोंतनें शास्त्राला नांव दिलें. त्याचा पाया घातला तो एमिल दुर्खीमनें. समाजशास्त्रानें नेमकें कशाचें अध्ययन करावयाचें, हें त्यानें १८९५ सालच्या आपल्या ग्रंथांत निश्चित केलें. ह्या विषयाला त्यानें 'सामाजिक तथ्य' असें नांव दिलें. सामाजिक तथ्याच्या मुख्य खुणा दोन. एक, तें व्यक्तीच्या बाहेर असतें. आणि दुसरी, तें व्यक्तीवर दडपण आणतें. मराठी घरांत जन्मलेलें मूल मराठी भाषा निर्माण करीत नाहीं. ती त्याच्या आधीं शेंकडों वर्षें नांदत असते आणि त्याच्या मागेंही नांदणार असते. मुलानें उद्यां 'भाकरी'ला 'डोंगर' म्हणावयाचें ठरविलें, तर त्याला कोणी शिक्षा करीत नाहीं. पण त्याला भाकरीही मिळत नाहीं. भाषा, चलन, कायदा, सणवार, लग्नाची रीत हीं सारीं सामाजिक तथ्यें होत. ह्यांचें दडपण एरव्हीं जाणवत नाहीं, म्हणून तें नसतेंच असें मात्र कोणी समजूं नये. जत्रेच्या गर्दीबरोबर चालणाऱ्याला रेटा कळत नाहीं. उलट दिशेनें निघालेल्याला तो पहिल्या पावलालाच कळतो.

दुर्खीमनें ह्या कल्पनेची कसोटी एका विलक्षण विषयावर घेतली. आत्महत्येइतकी खाजगी आणि एकाकी कृति दुसरी कोणती असणार? तथापि १८९७ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यानें युरोपांतल्या निरनिराळ्या देशांचे आंकडे तपासून दाखविलें कीं, प्रत्येक समाजांत ह्या दुर्दैवी घटनांचें प्रमाण वर्षानुवर्षें जवळजवळ तेंच राहतें. माणसें दरसाल निराळीं, त्यांचीं दुःखें निराळीं. प्रमाण मात्र तेंच. कॅथॉलिकांपेक्षां प्रॉटेस्टंटांत तें अधिक, आणि समान वयाच्या विवाहितांपेक्षां अविवाहितांत अधिक. माणूस आपल्या समूहाशीं किती घट्ट बांधलेला आहे, ह्यावर तें प्रमाण अवलंबून असतें, असा त्यानें निष्कर्ष काढला. त्याच्या आंकड्यांवर व त्यांच्या अर्थावर पुढें पुष्कळ आक्षेप आले. पण त्यानें दाखविलेली दृष्टि कायम राहिली. एकेका माणसाचें चरित्र वाचून जें कळत नाहीं, तें समूहाचा आकार पाहिल्यावर कळतें.

आतां हें दडपण एकाच प्रकारचें नसतें. विल्यम ग्रॅहॅम समनर ह्या अमेरिकन प्राध्यापकानें १९०६ सालीं त्याच्या दोन पायऱ्या पाडून दाखविल्या. एक लोकरीति आणि दुसरी लोकनीति. पानांत मीठ, लिंबू, चटणी डावीकडे आणि भाजी उजवीकडे वाढावी, ही लोकरीति. ती चुकली, तर वाढणाऱ्याला कोणी वाळीत टाकीत नाहीं. फार तर एखादी आजी हंसून ताट फिरवून घेईल. परंतु कांहीं रीतींना समाज आपल्या कल्याणाशीं आणि पापपुण्याशीं जोडून ठेवतो. त्या मोडणारा हा केवळ अडाणी ठरत नाहीं. तो अपराधी ठरतो. हीच लोकनीति. कायदा ही ह्यावरची तिसरी पायरी. तिच्या मागें राज्याची शक्ति उभी असते. आणि म्हणून सामान्यतः असें वाटतें कीं, तिन्हींत कायदाच सर्वांत बलवान असला पाहिजे.

महाराष्ट्राच्या इतिहासानें ह्या समजुतीला चोख उत्तर दिलें आहे. विधवाविवाह कायदेशीर करणारा कायदा १८५६ सालीं झाला. त्यानंतर ३७ वर्षांनीं, १८९३ सालीं, धोंडो केशव कर्वे ह्यांनीं पुण्यास गोदूबाई ह्या विधवेशीं विवाह केला. कायदा पूर्णपणें त्यांच्या बाजूस होता. तरीही कोंकणांतल्या मुरूड ह्या त्यांच्या गांवानें त्यांच्यावर बहिष्कार घातला. एका बाजूस इंग्रज सरकारचा कायदा आणि दुसऱ्या बाजूस एका खेड्यांतले चारचौघे. ह्या सामन्यांत खेडें डगमगलें नाहीं. कायदा एखादी गोष्ट करण्याची मोकळीक देतो; ती करणाऱ्याच्या घरीं पंगतीला कोणी बसावें, हें मात्र तो ठरवूं शकत नाहीं. आणि ही केवळ जुनी गोष्ट आहे असें मानण्याचेंही कारण नाहीं. जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ सालीं स्वतंत्र कायदा करावा लागला, आणि तो २०१७ सालीं अंमलांत आला.

परंतु बाहेरच्या बहिष्काराची भीति हें ह्या कोड्याचें अर्धेंच उत्तर झालें. पुष्कळ घरांत बहिष्कार घालणारें कोणी नसतें, जातपंचायतीचें नांवही ठाऊक नसतें, आणि तरीही निवड त्याच रकान्यांतून होते. तेव्हां दडपण बाहेरून आंत कसें शिरतें, हें पाहिलें पाहिजे.

ह्याचें उत्तर दोन अमेरिकन विचारवंतांनीं दिलें. चार्ल्स कूली ह्यानें १९०२ सालीं असें प्रतिपादिलें कीं, माणसाची स्वतःविषयींची कल्पना ही दुसऱ्यांच्या नजरेच्या आरशांत घडते. दुसऱ्याला आपण कसे दिसतों, तो त्यावरून आपल्याविषयीं काय मत बनवीत असेल, ह्याची मनुष्य कल्पना करतो. आणि त्या कल्पनेनुसार त्याला अभिमान किंवा लाज वाटते. हा आरसा प्रथम धरतात तीं कुटुंब, खेळगडी आणि शेजार ह्यांसारखीं जिव्हाळ्याचीं लहान वर्तुळें. त्यांना कूलीनें पुढें 'प्राथमिक समूह' म्हटलें. जॉर्ज हर्बर्ट मीड ह्याचे विचार त्याच्या मृत्यूनंतर १९३४ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाले. लहान मूल भातुकलींत आई होतें, दुकानदार होतें, मास्तर होतें. म्हणजे एका वेळीं एकाच माणसाची जागा घेऊन पाहतें. पुढें तें नियमांचे सांघिक खेळ खेळूं लागतें. आट्यापाट्यांच्या खेळांत एकाच गड्याचें मन ओळखून भागत नाहीं. साऱ्या गड्यांची अपेक्षा एकदम ध्यानांत ठेवावी लागते. अशा रीतीनें आई, मास्तर, शेजारी ह्यांच्या निरनिराळ्या अपेक्षा मुलाच्या मनांत एकवटून एकच सर्वसाधारण 'दुसरा' तयार होतो, असें मीड म्हणतो.

ह्या सर्वसाधारण दुसऱ्याला मराठींत फार जुना शब्द आहे. चारचौघे ते हेच. ते संख्येनें चार नसतात, आठही नसतात. त्यांना नांव नसतें, पत्ता नसतो. पण बंद खोलींत एकटा असलेला मनुष्यही मनांतल्या मनांत त्यांना विचारून पाऊल टाकतो. मूल लहानाचें मोठें होतांना समाज असा त्याच्या आंत येऊन बसतो. ह्या क्रियेस समाजशास्त्रांत 'सामाजीकरण' म्हणतात.

समाज आंत येतो, तो प्रत्येकाला त्याची जागाही नेमून देतो. राल्फ लिंटन ह्या मानवशास्त्रज्ञानें १९३६ सालीं 'दर्जा' आणि 'भूमिका' असे दोन शब्द रूढ केले. दर्जा म्हणजे समाजरचनेंतली जागा. आणि भूमिका म्हणजे त्या जागेला लागून आलेलें वागणें. कांहीं दर्जे जन्मानेंच पदरीं पडतात: अमक्याची मुलगी, अमक्या जातीची, अमक्या वर्णाची. कांहीं स्वतः मिळवावे लागतात: डॉक्टर, शिक्षिका, वकील. रुग्णालयांत जिच्या शब्दावर शस्त्रक्रिया थांबते किंवा चालते, तीच स्त्री सणाच्या संध्याकाळीं सासरीं सून असते, आणि तेथें तिच्या शब्दाचें वजन निराळें असतें. दोन्ही ठिकाणीं माणूस एकच, दर्जे दोन. आणि दोहोंच्या अपेक्षा एकाच वेळीं आल्या, म्हणजे तिची ओढाताण होते. ती तिच्या स्वभावाचा दोष नव्हे. तो दोन जागांमधला संघर्ष होय. विवाहाच्या जाहिरातींतले रकाने पुन्हां ह्या दृष्टीनें पाहावेत. शिक्षण आणि प्राप्ति हे मिळविलेले दर्जे. जाति आणि वर्ण हे जन्माचे. आधुनिक म्हणविणाऱ्या कुटुंबानें ह्यांपैकीं कोणता रकाना आधीं वाचला, ह्यावरून त्याच्या आधुनिकतेची खोली मोजतां येते.

येथवर आल्या त्या कल्पना, आतां सिद्धान्त. समाजशास्त्रांत पंथ पुष्कळ आहेत, तरी प्रास्ताविक अभ्यासांत तीन मुख्य मानले जातात. तिन्ही एकाच वस्तूकडे पाहतात, पण तिला निरनिराळे प्रश्न विचारतात. लग्नांतला अवाढव्य खर्च हें सर्वांच्या परिचयाचें उदाहरण त्यासाठीं घेतां येईल.

पहिला पंथ कार्यवादी. तो विचारतो, "ह्या प्रथेनें समाजाचें कोणतें काम होतें?" रॉबर्ट मर्टन ह्यानें १९४९ सालीं ह्यांत एक उपयुक्त भेद केला. जें काम करणाऱ्यांना ठाऊक असतें व अभिप्रेत असतें तें 'व्यक्त कार्य'. आणि जें त्यांच्या ध्यानींमनीं नसतां घडतें तें 'सुप्त कार्य'. लग्नसमारंभाचें व्यक्त कार्य दोन जिवांना साक्षींनिशीं बांधणें हें आहे. पण पांगलेले नातलग त्या निमित्तानें एकत्र येतात, रुसवे मिटतात, घराण्याची पत जगाला दिसते, आणि त्याच मांडवांत पुढच्या दोन सोयरिकी जमतात. हीं सुप्त कार्यें.

दुसरा पंथ संघर्षवादी. त्याचें मूळ कार्ल मार्क्सच्या विचारांत आहे. तो विचारतो, "ह्या प्रथेनें कोणाचा लाभ होतो आणि किंमत कोण मोजतो?" मार्क्सचा सहकारी फ्रीड्रिख एंगल्स ह्यानें १८८४ सालीं कुटुंबसंस्थेचा संबंध खाजगी मालमत्तेशीं आणि तिच्या वारशाशीं जोडून दाखविला. ह्या दृष्टीनें मांडवांत जातां, पत वाढते ती कोणाची आणि कर्ज होतें तें कोणाला, हा प्रश्न पुढें येतो. आणि हुंडा १९६१ सालच्या कायद्यानें बंद झाल्यावरही 'भेटवस्तु' होऊन का आला, हेंही उलगडतें.

तिसरा पंथ अर्थाचा शोध घेणारा. त्याचा आद्य पुरस्कर्ता जर्मन पंडित मॅक्स वेबर. तो विचारतो, "करणाऱ्याच्या मनांत ह्या कृतीचा अर्थ काय आहे?" वेबरनें सामाजिक कृतीचे चार प्रकार सांगितले. एका पित्यानें खर्च केला तो उद्यां व्यापारांत ओळखी उपयोगीं पडाव्यात म्हणून; ही हेतुसाधक कृति. दुसऱ्यानें केला तो कन्यादान हें पुण्य आहे ह्या श्रद्धेनें, ही मूल्यनिष्ठ. तिसऱ्यानें केला तो एकुलत्या लेकीच्या मायेनें, ही भावनिक. आणि चौथ्यानें केला, कारण त्याच्या बापानें तसाच केला होता, ही परंपरागत. चौघांच्या मांडवांत फुलें तींच आणि सनईही तीच. अर्थ मात्र चार.

ह्या तिन्हींपैकीं खरा कोणता, असा प्रश्न विचारणें फारसें उपयोगाचें नाहीं. केवळ कार्य पाहणारा अन्यायाला 'उपयुक्त' म्हणून बसण्याचा धोका असतो. केवळ लाभ पाहणाऱ्याला माया दिसत नाहीं. आणि केवळ मनांतला अर्थ पाहणारा, मनें ज्या रचनेनें घडविलीं ती रचनाच विसरतो. हे प्रश्न एकत्र जुळवून आपल्याच समाजाच्या गांठीला हात घातला, म्हणजे काय हातीं येतें, ह्याचें उत्तम उदाहरण एका मराठी विद्यार्थ्यानें घालून दिलेलें आहे.

९ मे १९१६ रोजीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत, अलेक्झांडर गोल्डनवायझर ह्यांच्या मानवशास्त्राच्या चर्चावर्गांत, २५ वर्षांच्या भीमराव रामजी आंबेडकरांनीं भारतांतल्या जातींची घटना, उगम व विस्तार ह्यांवर निबंध वाचला. त्यापूर्वीं सात वर्षें, १९०९ सालीं, कॉर्नेल विद्यापीठांत शिकणारे श्रीधर व्यंकटेश केतकर, म्हणजे पुढचे ज्ञानकोशकार, ह्यांनीं जातिसंस्थेच्या इतिहासावर ग्रंथ प्रसिद्ध केला होता. केतकरांनीं जातीचीं दोन लक्षणें सांगितलीं होतीं: सभासदत्व जन्मानेंच मिळणें, आणि जातीबाहेर विवाहास बंदी. आंबेडकरांनीं केतकरांच्या अभ्यासाची वाखाणणी केली. पण हीं लक्षणें दोन नसून एकाच वस्तूच्या दोन बाजू आहेत, असें दाखवून दिलें. बाहेर विवाह करावयाचाच नाहीं, असें एकदां ठरलें, कीं आंत येण्याचा मार्ग जन्म हाच उरतो. तेव्हां जातीचें सार एकच: अंतर्विवाह.

पुढचें त्यांचें विवेचन एखाद्या गणितासारखें आहे. सगोत्र विवाह निषिद्ध मानणाऱ्या, म्हणजे बाहेर विवाह करण्याची मूळ संवय असलेल्या समाजांत एखाद्या गटानें स्वतःभोंवतीं कुंपण घातलें, तर त्याला विवाहयोग्य स्त्रीपुरुषांची संख्या सारखी राखावी लागेल. पण मरण हें जोडीजोडीनें येत नाहीं. पति वारला, कीं एक स्त्री 'जादा' होते. ती गटाबाहेर विवाह करील तर कुंपण मोडेल. गटांत करील तर एका कुमारिकेचा वर कमी होईल. म्हणून एक तर तिला पतीच्या चितेवर पाठवावयाचें, नाहीं तर आजन्म वैधव्यांत ठेवावयाचें. पत्नी वारली तर 'जादा' पुरुषाचा प्रश्न येतो. त्याला समाजांत सत्ता असल्यामुळें हे उपाय लागू होत नाहींत. त्याच्यासाठीं अजून विवाहयोग्य न झालेल्यांतून वधू आणावयाची, म्हणजेच बालिकेशीं लग्न. सती, सक्तीचें वैधव्य आणि बालविवाह ह्या तीन प्रथा अशा रीतीनें एका कुंपणाच्या तीन खुंट्या ठरतात. त्यांचें गुणगान करणारें तत्त्वज्ञान मागाहून आलें. गरज आधीं होती.

ह्या विवेचनाचें मोल असें कीं, ज्यांना लोक धर्म म्हणून पूजीत होते अथवा क्रूरपणा म्हणून धिक्कारीत होते, त्या प्रथांमागची रचना त्यानें उघडी केली. शिवाय एका प्रचलित समजुतीसही त्यानें धक्का दिला. जाति ही मनूनें निर्माण केली असें म्हणणाऱ्यांना आंबेडकरांचें उत्तर असें कीं, कोणी एक स्मृतिकार, तो कितीही समर्थ असो, सबंध समाजावर अशी संस्था लादूं शकत नाहीं. मग ती पसरली कशी? येथें त्यांनीं गॅब्रिएल तार्द ह्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाच्या अनुकरणाच्या सिद्धान्ताचा आधार घेतला. अनुकरण वरून खालीं वाहतें, आणि अंतर जितकें कमी तितकें तें अधिक होतें. पुरोहितवर्गानें प्रथम दार लावून घेतलें. त्याला जवळ असलेल्या जातींनीं तिन्ही प्रथा उचलल्या, त्यांपलीकडच्यांनीं कांहीं, आणि अगदीं दूरच्यांनीं केवळ अंतर्विवाहाचें तत्त्व. कांहीं गटांनीं आपण होऊन दारें लावलीं. बाकीच्यांना दुसऱ्यांचीं दारें लागलेलीं आढळलीं, आणि तेही आपोआप कोंडले गेले. घुर्यांचे विद्यार्थी म्हैसूर नरसिंहाचार श्रीनिवास ह्यांनीं १९५२ सालीं वरच्या जातींचे आचार उचलून वर सरकण्याच्या धडपडीला 'संस्कृतीकरण' असें नांव दिलें. अनुकरणाच्या ह्याच प्रवाहाचा एक पुढचा टप्पा त्यांत दिसतो.

सतीची चाल गेली. बालविवाहाविरुद्ध १९२९ सालीं कायदा झाला. त्यानें मुलीच्या विवाहाचें किमान वय १४ ठरविलें, आणि १९७८ च्या दुरुस्तीनें तें १८ झालें. १९४९ च्या कायद्यानें हिंदूंमधले आंतरजातीय विवाह वैध ठरले, आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानें धर्माचीही अट काढली. म्हणजे खुंट्या बहुतेक उपटल्या गेल्या. कुंपण मात्र? २०११-१२ मधल्या भारतीय मानव विकास पाहणींत, ज्यांचें माहेर व सासर निरनिराळ्या जातींचें आहे, अशा विवाहित स्त्रिया सुमारे ५ टक्केच आढळल्या. १९३६ सालच्या आपल्या न झालेल्या, पण छापून प्रसिद्ध केलेल्या भाषणांत आंबेडकरांनीं आंतरजातीय विवाह हाच जातीवरचा खरा उपाय म्हणून सांगितला होता; केवळ सहभोजनानें तें काम होत नाहीं, हेंही बजावलें होतें. लोक आज एकत्र जेवतात, एका कचेरींत बसतात, एका इमारतींत राहतात. दार अडतें तें अजून त्याच ठिकाणीं.

ह्यावर कोणी म्हणेल, "मग समाजच सारें करवितो, व्यक्तीचा दोष काय?" समाजशास्त्राचा हा सर्वांत सोपा आणि सर्वांत चुकीचा उपयोग होय. विल्यम थॉमस आणि डोरोथी थॉमस ह्यांनीं १९२८ सालीं असा सिद्धान्त मांडला कीं, माणसांनीं एखादी परिस्थिति खरी मानली, म्हणजे तिचे परिणाम खरे होतात. मर्टननें १९४८ सालीं त्याचा विस्तार करून दाखविलें कीं, कित्येक भाकितें खोटीं असूनही केवळ विश्वास ठेवल्यामुळें खरीं ठरतात. भक्कम पेढी बुडणार अशी आवई उठते, ठेवीदार धांवत सुटतात, आणि पेढी खरोखरच बुडते.

चारचौघांची गोष्ट ह्या पेढीसारखीच आहे. जोशांचें घर म्हणतें, "आम्हांला चालेल, पण पाटलांना काय वाटेल?" पाटलांचें घर म्हणतें, "आम्हांला चालेल, पण जोशांना काय वाटेल?" दोन्ही घरें खरें बोलतात, दोन्ही घरें थांबतात, आणि दोघांच्या थांबण्यानें दोघांची भीति खरी ठरते. दुर्खीमनें म्हटलें तें सत्य आहे; समाज व्यक्तीच्या बाहेर आहे आणि त्याचें दडपण खरें आहे. पण मीडनें सांगितलें तेंही तितकेंच सत्य. तो व्यक्तींच्या मनांवांचून दुसरीकडे कोठें राहतही नाहीं. म्हणून एकट्या व्यक्तीच्या सद्भावनेनें रूढि ढळत नाहीं, आणि व्यक्ति ढळल्यावांचूनही ती ढळत नाहीं. मुरूडनें ज्यांच्यावर बहिष्कार घातला, त्या कर्व्यांना १९५८ सालीं भारतरत्न मिळालें. मधल्या काळांत माणसें बदललीं, म्हणूनच चारचौघेही बदलले.

समाजशास्त्राचा अभ्यास घरांतल्या माणसाला ह्याहून अधिक कांहीं देत नाहीं, आणि हें थोडेंही नव्हे. लग्नाच्या बोलण्यांत 'लोक काय म्हणतील' हा प्रश्न पुन्हां निघेल, तेव्हां एवढें ध्यानांत असावें: शेजारच्या घरांत त्याच संध्याकाळीं तोच प्रश्न चालला असेल, आणि त्या घरच्या हिशेबांत 'लोक' म्हणजे हें घर असेल.